धागेकटाई

“मावशी, हा कागद पाण्यात विरघळतो,” असं म्हणून गार्गीने माझ्या पिकोच्या मशीनवर एक गुंडाळी ठेवली.

“मग त्याच्यावर कशाला शिवायलीस? घामाचा एक थेंब पडला तर संपलं की.”

“विरघळायलाच हवा. कागद गेला की नुसता दोरा उरेल. आईचं अक्षर, दोऱ्याचं. मागे काही नाही.”

मी त्या कागदाचा कोपरा बोटांत धरून पाहिला. कागद नावालाच, दिसायला पातळ दुधाळ प्लास्टिक. एम्ब्रॉयडरीवाले वापरतात म्हणे. मी आयुष्यभर कापडावर सुई चालवत आले, आणि शिवलेलं टिकावं एवढंच मला ठाऊक. शिवून झालं की खालचं पाण्यात घालवायचं हे काय खूळ, असं मी तिच्या तोंडावर म्हणाले. ती हसली. माझ्या तोंडाची तिला सवय होती.

ह्याला आता बारा वर्षं झाली. सोलापुरात आमची तीन मजली इमारत. तळमजल्यावर मी आणि माझं फॉल-पिकोचं दुकान, म्हणजे पुढच्या खोलीत एक मशीन आणि दाराबाहेर एक पाटी. त्याआधी तीस वर्षं मी शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात धागेकटाई केली. शर्ट शिवून झाला की शिवणीच्या टोकांना, काजांना, खिशाच्या कोपऱ्यांना धागे लोंबत राहतात. ते छोट्या कटरने कापून शर्ट साफ करायचा. दिवसाला दोन-अडीचशे. तोंडाने गप्पा, कानाशी रेडिओ, आणि हात आपले चालू. तीस वर्षांत माझ्या हातचा एक नग परत आला नाही, हे मी कोणालाही सांगायची. कोणी विचारलेलं नसलं तरी सांगायची.

गार्गी मंद्रूपकर वरच्या मजल्यावर आईबरोबर राहायची. पुण्यात चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, पण आईसाठी घरी आली होती. शेवटचं काम घरूनच करून आणायची परवानगी तिने काढली होती. आई म्हणजे मंद्रूपकर बाई, प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. माझा सिद्धू त्यांच्याच हाताखाली मुळाक्षरं गिरवायला शिकला. बाईंचं अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरची तारीखसुद्धा पुसवत नाही, असं पोरं म्हणायची.

अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई विसरायला लागल्या. आधी किल्ल्या, मग गॅस, मग वार, मग माणसं. डॉक्टरांनी नाव सांगितलं आणि औषध फारसं नाही हेही सांगितलं. बाई शिक्षिका होत्या, हातावर हात धरून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. जुन्या वह्यांची पानं बोथट टोकाच्या छोट्या कात्रीने कापायच्या, त्यावर लिहायच्या आणि घरभर चिकटवायच्या. गॅसवर ‘बंद केला का?’ फ्रीजवर ‘दूध तापवले आहे. पुन्हा नको.’ आरशावर ‘ही मीच.’ गार्गीच्या खोलीच्या दारावर ‘येथे गार्गी राहते. माझी मुलगी.’

मी पहिल्यांदा तो आरसा पाहिला तेव्हा चहा न पिताच खाली आले.

पुढे पुढे बाईच त्या चिठ्ठ्या ओरबाडायला लागल्या. कोणी हा उकिरडा केलाय माझ्या घरात, म्हणायच्या आणि चोळामोळा करून केरात टाकायच्या. गार्गी केरातून वेचून घ्यायची. छापील मजकूर आता बाईंना लागत नव्हता, वर्तमानपत्र उलटं धरायच्या. स्वतःचं अक्षर मात्र त्या अजून वाचायच्या. तेवढा एकच धागा राहिला होता, आणि गार्गीला तो धरायचा होता. साठ-पासष्ट चिठ्ठ्यांतलं अक्षर तिने त्या कागदावर जसंच्या तसं उतरवून घेतलं. मागे बाईंच्या मेंदूच्या तपासणीच्या काळ्या फिल्म टांगायच्या, त्यांच्यामागे दिवे लावायचे, आणि पुढे हे दोऱ्याचं लिखाण सोडायचं, असा तिचा बेत. पुण्यात कॉलेजचं प्रदर्शन होतं.

“आईला नेणार आहे मी,” ती म्हणायची. “तिला वाचता येतंय तोवर तिने ते समोर उभं राहून वाचायला हवं. नंतर मला कोणी बक्षीस दिलं काय आणि नाही दिलं काय.”

सात आठवडे हे चाललं. दुपारी बाई झोपल्या की गार्गी खाली यायची. मशीनचा दाब, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, काढून कागद हाताने फिरवत कसं शिवायचं ते मी तिला दाखवलं. पहिल्या आठवड्यात तिने डझनभर सुया मोडल्या आणि माझ्या शिव्या खाल्ल्या. नंतर तिचा हात असा बसला की बाईंच्या ‘ळ’ची गाठसुद्धा दोऱ्यात तशीच उतरायची. माझा सिद्धू बंगळूरला, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. दुपार मला खायला उठायची. गार्गी यायला लागल्यापासून मी चहाला दोन कप आधण ठेवत होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जशी वागले त्याचं मूळ इथे आहे.

एका शब्दावरून दुसऱ्या शब्दाकडे जाताना ती दोरा तोडायची नाही. सुई वर घ्यायची, कागद सरकवायची आणि पुढचा शब्द धरायची. मध्ये लांब पांढरा धागा पडायचा.

“पोरी, धागे किती लोंबायलेत गं,” मी म्हणायची.

“राहू देत मावशी.”

मला वाटलं, शेवटी एकदमच कापणार असेल. कारखान्यात नवीन आलेल्या पोरीही असंच करायच्या.

गुरुवारी दुपारी काम संपलं. गुंडाळी माझ्याकडेच ठेवून ती म्हणाली, “उद्या न्यायला येते. घरी ठेवली तर आई उलगडत बसेल.” आणि गेली.

ती गेल्यावर मी ते टेबलावर पसरलं. सुरेख होतं. बाईंचा हात जणू आत्ताच त्यावरून फिरून गेला होता. आणि सगळीकडे धागे. ह्या शब्दातून त्या शब्दात, वरच्या ओळीतून खालच्या ओळीत, आडवे, तिरके, शेकड्याने. हे पुण्यातली मोठमोठी माणसं बघणार, आणि माझ्या मशीनवरून गेलेला माल असा जाणार, हे काही मला बघवेना. मी रेडिओ लावला आणि कटर घेऊन बसले. तासाभरात सगळं साफ केलं. एकेक शब्द सुटा, स्वच्छ. पुन्हा नीट गुंडाळून जुन्या धोतरात बांधून ठेवलं. तिला मुद्दाम काही बोलले नाही. उलगडेल तेव्हा आपोआप कळेल आणि खूश होईल, असं मनात धरून मी रात्री निवांत झोपले.

शुक्रवारी ती गुंडाळी घेऊन गेली आणि शनिवारी सकाळी मला बोलवायला आली.

“चला मावशी, पाण्यात सोडायचंय. तुमच्याशिवाय नाही सोडणार.”

हॉलच्या मधोमध तिने मोठा निळा टब भरून ठेवला होता. बाजूला जाळी, त्यावर वाळवायचं. बाई खिडकीपाशी पलंगावर बसून वहीची पानं कापत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “या. पालक आहात का?”

“महानंदा आहे मी, बाई. सिद्धूची आई.”

“सिद्धेश्वर. शेवटचा बाक,” बाई म्हणाल्या आणि पुन्हा कात्री चालवू लागल्या.

गार्गीने धोतर सोडलं, गुंडाळीचं एक टोक मी धरलं, एक तिने, आणि आम्ही ती पाण्यावर उलगडत गेलो. कागद ओला झाला, आक्रसला, मग पारदर्शक झाला आणि मग दिसेनासाच झाला. क्षणभर बाईंचं सगळं अक्षर पाण्यावर ओळीने उभं होतं.

मग ओळी हलल्या. ‘दूध’ एकीकडे निघालं, ‘नको’ दुसरीकडे. ‘माझी’ उलटं होऊन बुडालं. गार्गीने दोन्ही हात पाण्यात घातले आणि ते एकत्र धरायला बघितलं, तसे शब्द तिच्या बोटांमधून आणखीच पांगले. बघता बघता टबभर सुटे शब्द फिरायला लागले आणि मजकूर असा काही उरलाच नाही.

“धागे,” गार्गी म्हणाली. “मधले धागे कुठे गेले? त्यांच्यावरच तर सगळं टांगायचं होतं.”

मला तेव्हा कळलं. मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण गार्गी माझ्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती पलंगाकडे, बाईंच्या हातातल्या कात्रीकडे.

“काल मी टब आणायला गेले होते,” ती सावकाश म्हणाली. “तासभर. आई, तू माझी गुंडाळी उघडलीस?”

बाईंनी वर पाहिलं.

“आई, तू धागे कापलेस?”

“कुठले?”

“माझे. माझे धागे. सात आठवडे काम करत होते मी. तुझ्यासाठी करत होते. तुला एक दिवस, एक तास, नुसतं बसता येत नाही का?” तिचा आवाज चढत गेला. त्या घरात मी तिचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता. “कशाला कापलेस? सांग ना, कशाला?”

बाईंच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मी बघत होते. त्या आठवून बघत होत्या. मनापासून, डोळे बारीक करून बघत होत्या. तिथे काही सापडेना. आणि ज्यांना काहीच सापडत नाही त्यांना समोरच्याचं ऐकावं लागतं. त्यांनी हातातली कात्री पाहिली, मुलीचे डोळे पाहिले.

“मी कापले असतील,” बाई म्हणाल्या. “चुकलं माझं.”

मी गप्प राहिले. तीस वर्षांत एक नग परत आला नव्हता, आणि ही पोरगी उद्यापासून दुपारी यायची बंद होईल, ह्या दोनच गोष्टी माझ्या डोक्यात होत्या. त्या लाजिरवाण्या आहेत हे मला तेव्हाही समजत होतं. गार्गी जमिनीवर बसून रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच हाताने.

बाई उठल्या. टेबलापाशी गेल्या, वहीच्या कापलेल्या पानावर काहीतरी लिहिलं, एकेक अक्षर थांबून थांबून, आणि ती चिठ्ठी पलंगासमोरच्या भिंतीला चिकटवली.

‘मी गार्गीचे धागे कापले. पुन्हा तिच्या कामाला हात लावू नये.’

त्या वर्षी गार्गीने पुण्याला काही पाठवलं नाही. सुटे शब्द तिने वाळवून एका डब्यात भरले आणि डबा कपाटावर टाकला. पुन्हा सुरुवात कर, मी मशीन फुकट देते, सुया मोड किती मोडायच्या त्या, असं मी दहादा म्हणाले. ती नको म्हणायची. दुपारी मात्र यायची, चहा प्यायची. म्हणजे मला हवं होतं ते मिळालं होतं.

बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्या बाई ओरबाडून काढायच्या. ती एक काढली नाही. पलंगावरून उठलं की समोर तीच. रोज सकाळी त्या ती नव्याने वाचायच्या, आणि रोज सकाळी त्यांना ते नव्याने कळायचं. मग त्या गार्गीला शोधत स्वयंपाकघरात जायच्या. “अगं, माझ्याकडून तुझे धागे कापले गेले. मला माफ कर.” गार्गी म्हणायची, “केलं गं आई.” दुपारी पुन्हा वाचायच्या, पुन्हा जायच्या. मी वर गेले की मलाही सांगायच्या, शेजारीण म्हणून, लाजून, हळू आवाजात: “मी हिचं फार नुकसान केलंय, बरं का.” नाव गेलं, वार गेला, फोटोतल्या नवऱ्याचा चेहरा गेला. न केलेली चूक तेवढी भिंतीवर राहिली.

एकदा गार्गी औषधं आणायला गेलेली होती, मी बाईंजवळ बसले होते. मला राहवलं नाही. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, “बाई, ते तुम्ही नाही केलं. मी कापले ते धागे. मी महानंदा. तुमच्यावर आळ आला आणि मी गप्प बसले.”

बाई ताठ बसल्या. मग शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “खरं सांगितलंस ना? खरं सांगणाऱ्याला मी मारत नाही. बस खाली.”

मी रडले. मला खरंच हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी डोळे पुसले, त्यांना पाणी दिलं, पेला ठेवायला आत गेले. परत आले तर बाई भिंतीसमोर उभ्या होत्या, ओठ हलवत वाचत होत्या. वळून माझा हात धरला त्यांनी.

“तुम्ही गार्गीला ओळखता का? तिला सांगाल? मी तिचे धागे कापलेत. ती माझ्याशी बोलेल ना?”

त्या दिवशी मी ती चिठ्ठी काढून टाकायला हात वर केला होता. नख कोपऱ्याखाली घातलंही होतं. पण गार्गीने विचारलं असतं, कोणी काढली, का काढली. मी हात खाली घेतला.

आठ महिन्यांनी बाई गेल्या. न्यूमोनिया झाला, चार दिवसांत सगळं आटोपलं. तेराव्यानंतर दोन दिवसांनी गार्गी खाली आली. केस विंचरलेले नव्हते, पण डोळ्यांत कितीतरी दिवसांनी काहीतरी जागं होतं. तिने मशीनवर त्या पाण्यात विरघळणाऱ्या कागदाचा एक तुकडा ठेवला आणि त्यावर ती चिठ्ठी, कोपऱ्यांना भिंतीचा रंग लागलेली.

“मावशी, आईने लिहिलेली ही शेवटची चिठ्ठी. ह्यानंतर तिने काहीच लिहिलं नाही, मी सगळं घर शोधलं. मला ही एकच करायचीय. मोठी, भिंतभर. आणि ह्या वेळी तुम्ही शिवायची. मला नाही शिववणार ही.”

मी चिठ्ठीकडे बघत राहिले. मोत्यासारखं अक्षर कधीच गेलं होतं. ‘गार्गीचे’ लिहिताना हात दोनदा अडखळला होता, ‘कापले’ खाली घसरत गेलं होतं. ते वाक्य मी सुईने एकेक टाका घालून, पुन्हा एकदा, बाईंच्या नावावर शिवायचं होतं. आणि मग ते पुण्यात टांगलं जाणार होतं, माणसं समोर उभी राहून वाचणार होती.

“मला नाही जमायचं,” मी म्हणाले.

“तुम्हाला? तुम्हाला काय नाही जमत?”

“गार्गी, ते धागे मी कापले होते.”

तिला आधी कळलंच नाही. “कुठले?”

मग मी सगळं सांगितलं. गुरुवारची दुपार, रेडिओ, कटर, धोतरात बांधलेली गुंडाळी. माल साफ दिसावा म्हणून केलं हेही सांगितलं, आणि सांगताना ते मला स्वतःलाच ऐकवेना. बाईंसमोर मी गप्प कशी बसले ते सांगितलं. तू यायची थांबशील म्हणून, एवढंही सांगून टाकलं. ती ओरडेल, मशीन ढकलून देईल, असं मला वाटत होतं. तसं तिने केलं असतं तर बरं झालं असतं.

तिने चिठ्ठी उचलली. तिच्यावरून अंगठा फिरवला.

“रोज माफी मागायची ती माझ्याकडे,” गार्गी म्हणाली.

“हो गं पोरी.”

“सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आणि मी करायचे माफ. रोज करायचे.” ती दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली. माझ्याकडे न बघताच बोलली. “शेवटच्या आठवड्यात एकदा मला कंटाळा आला, मावशी. मी तिला म्हटलं, पुरे आता आई. किती वेळा माफ करायचं मी तुला.”